विश्लेषण : पाय प्लास्टरमध्ये आणि मूल दोन वर्षांचे, सहा आठवडे कसे काढायचे?

पावलाचे हाड मोडले किंवा घोटा जबर मुरगळला, की डॉक्टरांच्या सांगण्यात एक वाक्य हमखास असते : ‘सहा आठवडे पाय टेकू नका, आराम करा.’ घरात दोन वर्षांचे मूल असेल तर हे वाक्य दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतही टिकत नाही. पेण आणि रोहा तालुक्यांत पाय घसरायला निमित्त शोधावे लागत नाही. जूनपासून अंगणात शेवाळ धरते, लावणीच्या दिवसांत खाचरांचे बांध निसरडे होतात, खारेपाटात डोक्यावर हंडा घेऊन चिखलातून यावे लागते. गणपतीच्या कारखान्यांत सांडलेल्या पाण्यावरून, रंगावरून ये-जा चालू असते. मोडलेल्या हाडावर उपचार कोठे मिळतात हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या सहा आठवड्यांत मुलाकडे कोणी आणि कसे पाहायचे, याचे उत्तर मात्र चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

दुखापत पायाला, मग अडते कोठे?

अडते ते हातांत. पाय टेकायचा नाही म्हणजे कुबड्या किंवा वॉकर आला, आणि कुबड्या आल्या की दोन्ही हात गेले. चहाचा कप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही, मग मूल नेण्याचा प्रश्नच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन सुमारे १२ किलो असते. एवढे वजन कडेवर घेऊन एका पायावर उभे राहणे हे धाडस नव्हे, दुसऱ्या अपघाताची तयारी आहे. त्यात मुलाला पडलेल्या माणसाची वेदना कळत नाही; त्याला एवढेच कळते की काल उचलून घेणारी आई आज घेत नाही. मग ते अधिकच बिलगते.

समजा, जोहे किंवा हमरापूरच्या एखाद्या कारखान्यात मूर्ती रंगवणाऱ्या आईचा पाय मोडला. किंवा रोह्यात, धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या जोडप्याचे मूल सांभाळणारी आजीच मोरीत घसरली. दोन्ही घरांत तुटते ते एकच : मुलाला सांभाळणारे माणूस. आजीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होत जातात, त्यामुळे साध्या घसरण्यानेही हाड मोडू शकते आणि पुन्हा तोल सावरायला अधिक वेळ लागतो. ‘आजी आहे ना घरी’ या वाक्यावर कितीतरी संसार चालतात. आजीचा पाय मोडला की ते वाक्य किती भार पेलत होते ते कळते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे याखेरीज वेगळे. म्हणजे घरातल्या बाईचा पाय जायबंदी झाला तर रोजचे जवळपास पाच तासांचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी जायला हवे. ते कोणाकडे जाणार, हे पहिल्या दिवशी बसून ठरवले नाही तर ते कोणाकडेच जात नाही. चौथ्या दिवशी तीच बाई भिंतीला धरून लंगडत ओट्यापाशी उभी असते.

मुरगळले आहे की मोडले आहे, हे घरी ओळखता येते का?

खात्रीने नाही, पण एक्स-रे काढायला जायचे की नाही, एवढे ठरवता येते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी एक सोपी कसोटी मांडली आणि ती आज जगभर वापरली जाते. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला अथवा टोकाला दाबल्यावर हाडावर दुखते का? पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या हाडाच्या मुळाशी दुखते का? पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वर असलेल्या हाडावर दुखते का? आणि पडल्यानंतर लगेच, तसेच दवाखान्यात पोहोचल्यावर, लंगडत का होईना चार पावले टाकता येतात का? यांपैकी कोठे हाडावर दुखत असेल किंवा चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. पाय वाकडा दिसत असेल, कातडी फाटून जखम झाली असेल किंवा बोटे बधिर पडली असतील, तर कसोटी लावत बसायचेच नाही.

एका पावलात २६ हाडे असतात. शरीरातील २०६ हाडांपैकी ५२, म्हणजे एक चतुर्थांश, दोन पावलांत. त्यामुळे ‘पाय मोडला’ या शब्दांतून फारसे काही कळत नाही. कोणते हाड आणि कोठे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. करंगळीमागचे हाड हे त्याचे चांगले उदाहरण. त्याच्या अगदी मुळाचा टवका उडाला तर बरेचदा कडक तळव्याचा बूट घालून चालता येते. त्याच्या जरा पुढे मोडले तर तेथे रक्तपुरवठा कमी असल्याने हाड जुळायला रेंगाळते आणि अनेकदा पाय अजिबात टेकू देत नाहीत. दोन मोडींमध्ये अंतर असते एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरचे. ही दुसरी मोड ‘जोन्स फ्रॅक्चर’ म्हणून ओळखली जाते. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९०२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यातला एक रुग्ण तो स्वतःच होता. नाचताना पाय मुडपला होता!

कोकणात अजूनही अनेक जण आधी हाडवैद्याकडे जातात. जाऊ नये असे सांगून कोणी थांबत नाही. पण एक्स-रे होण्याआधी मालिश करून घेणे किंवा पाय ओढून घेणे धोक्याचे आहे, कारण न सरकलेले हाड त्याने सरकू शकते. घट्ट बांबूपट्ट्यांखाली सूज वाढली तर रक्तप्रवाह अडतो, तो धोका वेगळाच. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय अलिबागला. पाय टेकवत नसेल तर मिनिडोरमध्ये चढण्याचा किंवा दुचाकीवर मागे बसण्याचा आटापिटा करण्यापेक्षा १०८ वर फोन करावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. मुलाला शेजारी ठेवून जाणे शक्य असेल तर तेच बरे. रुग्णालयात दोन-तीन तास सहज जातात.

सहा आठवडे खरेच लागतात का?

हाडाला लागतात. मोडलेल्या टोकांभोवती आधी रक्त साकळते, मग मऊ सांधा तयार होतो, मग तो कडक होतो. पावलाच्या आणि घोट्याच्या हाडांत या साऱ्याला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. नुसते मुरगळणे सौम्य असेल तर एक-दोन आठवड्यांत माणूस चालू लागतो. अस्थिबंध पूर्ण तुटला असेल तर महिने लागू शकतात. ‘हाड नाही ना मोडले, मग काय एवढे’ हा समज म्हणूनच खोटा आहे. नीट न भरलेला घोटा पुढे पुन्हा पुन्हा मुरगळत राहतो.

मात्र ‘पाय टेकू नका’ हे सगळ्यांसाठी सारखे नसते, आणि लहान मूल असलेल्याने येथेच डॉक्टरांना थांबवून विचारायला हवे. अजिबात टेकायचा नाही, की टाच टेकली तर चालेल, की दुखेल तेवढाच भार द्यायचा? प्लास्टरऐवजी काढता-घालता येणारा बूट चालेल का? पुढचा एक्स-रे कधी? मुरगळलेल्या घोट्याला आणि काही स्थिर मोडींना लवकर भार देणे उलट हिताचे मानले जाते. बूट चालणार असेल तर आंघोळ, झोप आणि रात्री मुलाजवळ जाणे, तिन्ही सोपे होते. ‘घरी दोन वर्षांचे मूल आहे आणि सांभाळणारे दुसरे कोणी नाही’ हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगावे लागते. कोणी विचारत नाही.

मूल न उचलता कसे सांभाळायचे?

मूळ युक्ती एकच आहे : मुलाला उचलायचे नाही, मुलाला आपल्यापर्यंत चढू द्यायचे. दीड-दोन वर्षांची बहुतेक मुले बुटक्या दिवाणावर, पाटावर पाय देऊन स्वतः चढतात आणि पोटावर पडून पाय खाली सोडत उतरतात. उतरायला दोन दिवस शिकवावे लागते. मग मांडीवर घेणे, भरवणे, थोपटणे, दूध पाजणे हे सगळे बसून किंवा कुशीवर पडून होते. लंगोट बदलायचा तो दिवाणावर, शेजारी सगळे सामान एका टोपलीत.

येथे एक पेच आहे. मुलाच्या दृष्टीने जमिनीवरचे अंथरूण सर्वात सुरक्षित, पण एका पायावर जमिनीवरून उठणे हे दुखापतग्रस्ताला सर्वात कठीण. म्हणून दिवाण किंवा बुटका पलंग हा मधला मार्ग. जमिनीवर बसायचेच असेल तर भिंतीला किंवा जड कपाटाला लागून बसावे, शेजारी प्लास्टिकचे घट्ट स्टूल असावे, म्हणजे आधी स्टुलावर, मग उभे. घरात खालीवर करायचेच असेल तर जिन्यावरून बसत बसत, पायरी-पायरीने घसरत उतरणे कुबड्यांपेक्षा सुरक्षित असते. दिसायला ते बरे दिसत नाही. दिसू द्यावे.

जुन्या घराची रचना या सहा आठवड्यांत उलटते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागली पडवी असे एकामागे एक उंबरठे ओलांडत फिरण्यापेक्षा एकच खोली मुक्कामाची करावी. पाणी, मुलाचे कपडे, खाऊ, औषधे, मोबाइलचा चार्जर सगळे तेथे. सामान नेण्यासाठी गळ्यात आडवी अडकवलेली झोळी हा कुबड्यांवरचा सर्वात स्वस्त उपाय. पाण्याची बाटली झाकणाची हवी. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून फोडणी घालता येते, पण मूल तेथे असताना नाही. उतू जाणारे दूध आणि धावत येणारे मूल यांच्यामध्ये एका पायावरच्या माणसाला वेळेवर पोहोचता येत नाही. त्या वेळात मुलाला धरणारे दुसरे हात हवेत. ते नसतील तर दिवसातून एकदाच, मूल झोपल्यावर स्वयंपाक.

खोली मुलाच्या उंचीवरून एकदा पाहून घ्यावी; घरातल्या कोणीतरी खरोखर रांगून पाहावे. कारण माणूस खाली आला की त्याच्याबरोबर वस्तूही खाली येतात. उशाशी ठेवलेल्या वेदनाशामक गोळ्या मुलाच्या हाताला लागतात. पॅरासिटामॉलच्या जास्त गोळ्या लहान मुलाचे यकृत निकामी करू शकतात. विळी तर या काळात बाजूलाच ठेवावी. ती चालवायला एक पाय पाटावर दाबून धरावा लागतो, आणि ती उघडी पडून राहिली की मुलाला खेळणे वाटते. सुरीने टेबलावर चिरावे. मोरीतली भरलेली बादली हा सर्वात कमी लेखला जाणारा धोका आहे. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, आणि तोल गेला की त्याला डोके वर काढता येत नाही. पाण्याच्या टंचाईमुळे पिंप, बादल्या, हंडे भरून ठेवणाऱ्या घरांनी झाकणे घट्ट लावावीत, मोरीचे दार बाहेरून बंद ठेवावे. अंगणात विहीर किंवा शेजारी तळे असेल तर बाहेरच्या दाराची कडी वर हवी.

पळणाऱ्या मुलामागे जाता येत नाही, तेव्हा ते कोठे आहे हे निदान ऐकू तरी यावे. घुंगरांचे वाळे आणि पैंजण हे आपल्याकडे कौतुकाचे दागिने मानले जातात. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसासाठी तो सर्वात कामाचा दागिना आहे. घुंगरू सैल होऊन तोंडात जाणार नाही एवढे पाहावे. आवाज थांबला की हाक मारायची.

आणि ते प्लास्टर? मूल त्यावर उडी मारणार, ठोकणार, चित्र काढणार. बाहुलीच्या पायाला पट्टी बांधून दिली की काही दिवस खेळ चालतो. ‘आईचा पाय झोपलाय’ हे दोन वर्षांच्या मुलाला पटते. ‘फ्रॅक्चर’ पटत नाही.

संडासला आणि आंघोळीला काय करायचे?

भारतीय पद्धतीच्या संडासात एका पायावर उकिडवे बसता येत नाही. बसायला भोक असलेली खुर्ची किंवा स्टूल मेडिकल दुकानांत मिळते, काही जण भाड्याने देतात. दाराला आतून कडी लावू नये, आणि मूल त्या वेळी कोणाच्या तरी ताब्यात असावे. कोणी नसेल तर त्याला त्याच खोलीत, दिसेल असे बसवावे. दाराबाहेर ठेवू नये. आंघोळीला मोरीत एक स्टूल बसायला, दुसरे मोरीबाहेर पाय ठेवायला.

प्लास्टर भिजले तर काय होते?

हे पेणमधल्या लोकांना वेगळे सांगायला नको. मूर्ती ज्या प्लास्टर ऑफ पॅरिसची होते तेच हे. जिप्सम भाजून केलेली भुकटी पाणी पडताच गरम होते आणि घट्ट बसते. डच लष्करी डॉक्टर आंटोनियस मॅथिसेन याने १८५१ च्या सुमारास ती पट्टीत भरून मोडलेल्या हाडाला बांधायला सुरुवात केली. मूर्ती वरून सुकलेली दिसली तरी आतून ओली असते, तसेच प्लास्टरचेही असते. पूर्ण कडक व्हायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर ते कठीण कडेवर टेकवून ठेवले तर खड्डा पडतो आणि आतून कातडीला टोचत राहतो. नंतर भिजले तर मऊ पडते, आतला कापूस ओला राहतो, कातडी नासते. फायबरचे प्लास्टर वरून पाण्याला दाद देत नाही, पण आतले अस्तर भिजतेच.

कोकणातल्या पावसात म्हणूनच दोन प्लास्टिकच्या पिशव्या एकावर एक आणि वर चिकटपट्टी, एवढे तरी हवे. पिशवी दिवसभर ठेवू नये, आत घाम साचतो. खाज सुटली म्हणून आत पट्टी, पेन, विणायची सुई घालू नये. आणि प्लास्टरच्या फटीतून मूल काय काय आत सरकवेल याचा भरवसा नाही. चिंचोके, मोत्याचे मणी, बिस्किटाचे तुकडे. वरून मोजा चढवला तर हे टळते.

धोक्याची चिन्हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत. बोटे निळी किंवा पांढरी पडणे, गार होणे, बधिर होणे, वेदना गोळी घेऊनही वाढत जाणे, बोटे हलवल्यावर असह्य दुखणे. असे झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. पोटरीत दुखून सूज आली तर रक्ताची गुठळी असू शकते. अचानक दम लागणे आणि छातीत दुखणे हे त्याहून गंभीर. अलीकडे बाळंतपण झालेल्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो. त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे.

मूल अंगावर पीत असेल तर औषधांचे काय?

ग्रामीण भागात दोन वर्षांपर्यंत, कधी त्यानंतरही, मूल अंगावर पिते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही औषधे स्तनदा मातांना सामान्यतः चालतात. ट्रामाडॉल आणि कोडीन यांचे तसे नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये स्तनदा मातांनी ती घेऊ नयेत असा इशारा दिला, कारण काही बाळांत त्याने सुस्ती येते आणि श्वास मंदावतो. हाडाच्या दुखण्यावर आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी बरीच लिहून दिली जाते. ‘मूल पिते आहे’ हे सांगितले तर पर्याय मिळतो. तसेच धूम्रपानाने हाड उशिरा जुळते हे सिद्ध आहे. मशेरी लावणाऱ्यांच्या पोटातही तेच निकोटिन जाते. नाचणीची भाकरी, सुकट, मांदेली, डाळ हे घरातलेच अन्न हाडाला पुरेसे असते, पोटभर मिळाले तर.

रोजगार बुडतो, त्याची भरपाई मिळते का?

येथे पेणचे आणि रोह्याचे घर वेगळे होते. संघटित कारखान्यात, जेथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, तेथे दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला, मग तो कंत्राटी असला तरी, संरक्षण मिळते. घरी पाय मोडला तर आजारपणाचा लाभ म्हणून वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला कमाल ९१ दिवस मिळते. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावर, किंवा कामावर जाता-येता अपघात झाला तर बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के लाभ आहे आणि वर्गणीच्या दिवसांची अट नाही. अपघात कोठे झाला याची नोंद पहिल्याच दिवशी नीट व्हायला हवी.

छोट्या कारखान्यात रोजाने किंवा नगावर काम करणाऱ्या बाईला यातले काही लागू होत नाही. शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट रुग्णालयात उपचार होऊ शकतात. पण ती योजना उपचाराचा खर्च देते, बुडालेला रोज नाही. गणेशोत्सवाआधीचे आठवडे हे वर्षभराच्या कमाईचे दिवस, आणि पावसाळाही तेव्हाच. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्लास्टरसह कामावर जाऊन बसण्याचा मोह होतो. मूर्ती रंगवायचे काम बसून होते, हे खरे. पण पाय लोंबकळत ठेवून दिवसभर बसले की सूज येते. जायचेच असेल तर पाय समोर दुसऱ्या स्टुलावर ठेवून, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

अंगणवाडी दोन वर्षांच्या मुलाला सांभाळते का?

नाही, आणि या साऱ्या विषयातली मोठी पोकळी हीच आहे. अंगणवाडीत येऊन बसण्याचे, शिकण्याचे वय तीन ते सहा वर्षे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला मिळतो तो घरी न्यायचा पोषण आहार. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला पाकीट मिळते, बसायला जागा मिळत नाही. आशा सेविकेच्या लहान मुलांसाठीच्या गृहभेटीही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला ठरलेल्या आहेत. पंधराव्यानंतर ठरलेली भेट नाही. पंधरा महिने ते तीन वर्षे, म्हणजे मूल सर्वाधिक पळते, चढते आणि तोंडात घालते ते वय, दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या फटीत सापडते.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे आणि ते सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी आहे. आपल्या गावात ते आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारावे. नसेल तर ग्रामसभेत मागावे. ही मागणी फारशी कोणी करत नाही. तोवर शेजार हेच पाळणाघर. त्यातही ‘काही लागले तर सांग’ म्हणणाऱ्या पाच जणींपेक्षा ‘रोज अकरा ते एक मी नेते’ म्हणणारी एक जाऊ बरी. मदत मागताना वेळ आणि काम ठरवून मागितले तर ती टिकते. पाणी भरणे पुरुषांनी, संध्याकाळची आंघोळ आणि भरवणे बाबाने, असे सहा आठवड्यांपुरते तरी लिहून भिंतीवर लावलेले बरे.

प्लास्टर निघाल्यावर मूल कधी उचलायचे?

त्या दिवशी नक्कीच नाही. प्लास्टर निघते तेव्हा पोटरी बारीक झालेली असते, घोटा ताठ असतो, आणि पाऊल कोठे पडते आहे याची जाणीव मंदावलेली असते. अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, मग एका पायावर उभे राहणे, हा क्रम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. एक-दोन भेटींत शिकून घेतले तर घरी करता येते. कुबड्यांवरून एका काठीवर आल्यावर काठी दुखऱ्या नव्हे, चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची; बहुतेक जण उलटे करतात. सपाट जागी न लंगडता चालता आले, त्या पायाच्या टाचेवर न दुखता एकट्याने उभे राहून टाच उचलता आली, की आधी बसून मांडीवर, मग उभ्याने क्षणभर, मग कडेवर घेऊन खोलीत चार पावले. मुलाला कडेवर घेऊन जिना, शेवाळलेले अंगण आणि एसटीच्या पायऱ्या हे सगळ्यात शेवटी. संध्याकाळी घोट्यावर येणारी सूज काही महिने राहते. त्याने घाबरायचे कारण नाही. झिजलेल्या तळव्याची जुनी चप्पल मात्र त्याआधीच टाकून द्यावी. पहिल्या वेळी घसरण्यात तिचाही हात असू शकतो.